ठिपक्यांची आई, काळं पिल्लू

मोहिमेचा हेतू एकच होता: अस्मुनीमामा खोटं बोलत नाही, हे सिद्ध करायचं!

महिन्यापूर्वी बलुरान डोंगरापलीकडच्या माळावर चिंचा वेचायला गेलेला अस्मुनी परत आला तो सांगतच, की पाणवठ्याच्या कातळावर आजी दिसली, अंगभर ठिपके असलेली, आणि तिच्या पोटाशी पिल्लू होतं ते काळंकुट्ट. बिबट्याला त्या भागात कुणी नावानं हाक मारत नाही. तो आजोबा, ती आजी. कॉफीवाल्या मिस्नावीने ते ऐकलं आणि बाकावरच लोळण घेतली. "ठिपक्यांच्या आईला काळं पोर? अस्मुनीदादा, उद्या तुमची कोंबडी बदक देईल!" गावभर हसं झालं. तीस वर्षं वनरक्षक म्हणून काढलेल्या म्हाताऱ्याजवळ शब्दाखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं, आणि लोक तोच कॉफीबरोबर फुंकून पिऊ लागले. त्यानं दुकानावर जाणंच सोडलं.

शेवटी त्याची भाची जुहारिया पुढे झाली. एरवी ती लग्नांचे फोटो काढायची. तिने कॅमेऱ्यासाठी लांब पल्ल्याचं भिंग मागून आणलं, वनचौकीवरून परवाना काढला आणि साक्षीदार म्हणून खुद्द मिस्नावीलाच बरोबर घेतलं. खरं सांगायचं तर मामाच्या गोष्टीवर तिचाही पुरता विश्वास नव्हता. पण मामा घरात तोंड लपवून बसलेला तिला बघवेना.

पहाटे तिघं डोंगराला लागले, आणि पहिल्याच वळणावर अस्मुनीने तोंडाशी हात धरून खणखणीत आरोळी ठोकली.

"आजोबा, वाटेनं जातोय हो! येऊ द्या!"

फडफड! झाडावरचे तीन मोर उडाले.

"मामा! माझा फोटो गेला!"

"विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरायचं का, पोरी?"

पुढच्या वळणावर पुन्हा आरोळी, पुन्हा पळापळ. सांबरं गेली, रानकोंबडे गेले, माकडांची टोळी शिव्या घालत गेली. संध्याकाळी खिंडीत मक्याचा भात आणि सुका मासा खाताना जुहारियाने दिवसभराचे फोटो दाखवले. सगळ्या शेपट्याच!

"वा!" मिस्नावी म्हणाला. "अख्खं जंगल पाठमोरं टिपलंस. लग्नात नवरानवरीला असंच टिपतेस का गं?"

जुहारियाचा संयम सुटला. "मामा, उद्या माळावर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. वचन द्या."

म्हाताऱ्याने ताटली बाजूला सारली. "देतो," तो म्हणाला. "पण हे बरं नाही."

दुसऱ्या दिवशी ते माळावर उतरले. सुकलेलं पिवळं गवत, मध्येच ताडांचे उंच बुंधे आणि जिकडेतिकडे माजलेली बाभूळ. तिघंही दबक्या पावलांनी चालले होते. सांबरं दहा हातांवरून निवांत चरताना दिसली आणि जुहारियाने एकापाठोपाठ एक इतके सुरेख फोटो घेतले की तिला आपल्या हुशारीचं कौतुकच वाटलं. पाणवठ्याजवळ बाभळीच्या दाट जाळीला ती वळसा घालून पुढे गेली.

आणि थबकली!

समोर बांतेंग! काळाभोर रानबैल, लग्नाला निघाल्यासारखे पांढरे मोजे घातलेला. तो दचकून उठला. नाकपुड्या फुगल्या. शिंगं खाली गेली.

"झाडावर!" अस्मुनी ओरडला.

कोणतं झाड, हे बघायला वेळ नव्हता. तिघंही बाभळीवर! काटे हातात, काटे मांडीत, काटे नको तिथे! खाली धडक बसली. खोड हादरलं. मिस्नावीची एक चप्पल पडली आणि बैलाने तिचा चेंदामेंदा केला.

मग बैल झाडाखालीच उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं. पाण्याची बाटली खाली होती.

"अस्मुनीदादा," मिस्नावी रडकुंडीला आला, "ती आरोळी मारा ना!"

"मला गप्प बसायला सांगितलंय."

"मामा, चुकलं माझं," जुहारिया म्हणाली. "मारा."

अस्मुनीने घसा खाकरला. "आजोबा, न विचारता आलो हो! पोरांना माफ करा! वाट द्या!"

बैलाने कान टवकारले. झाडावर दुसरं कुणी नाही, माणूसच आहे, हे त्याला आता कळलं. तो फुरफुरला, वळला आणि रुबाबात चालू लागला. त्या आरोळीसरशी सांबरं उधळली, मोर उडाले, पाणवठा रिकामा झाला.

फक्त एक जण हललं नाही.

पलीकडच्या कातळावर, सावलीत, एक डोकं वर झालं. हा आवाज तर ती जन्मापासून ऐकत आली होती! तिने झाडाकडे पाहिलं, जांभई दिली आणि डोकं पुन्हा पंजांवर टेकलं. मग तिच्या पाठीवरून काहीतरी चढून आलं.

जुहारियाच्या मनगटातून रक्त येत होतं. तिने श्वास रोखला. खट्! खट्! खट्!

"काय आहे?" अस्मुनीने विचारलं. महिन्यापूर्वी तो कातळाच्या अगदी जवळ होता, पण मोतीबिंदूमुळे इतक्या लांबचं त्याला नीट दिसत नव्हतं. "सांगा की!"

उत्तर मिस्नावीने दिलं, अगदी हळू आवाजात. "आजी आहे, दादा. ठिपक्यांची. आणि पिल्लू... काळंकुट्ट."

अस्मुनी हसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जुहारियाला भरून आलं, आणि लाजही वाटली. फोटो काढायला ती आली होती. विश्वास ठेवायला मात्र तिलाही फोटोच लागला होता.

परतीच्या वाटेवर प्रत्येक वळणाला मिस्नावीच आरोळी ठोकत होता, एक पाय अनवाणी.

चौथ्या दिवशी सकाळी अस्मुनी महिन्यानंतर प्रथमच कॉफीच्या दुकानाकडे निघाला. त्याला वळणावर पाहताच मिस्नावीने किटली ठेवून हाक दिली, "सरका रे! दादांना वाट द्या!" बाक रिकामा झाला. सगळे जुहारियाच्या कॅमेऱ्याभोवती गोळा झाले.

"दाखव, दाखव!"

अस्मुनीने कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"थांबा. आधी मी सांगतो. फोटो नंतर."

त्याने कॉफीचा घोट घेतला आणि महिन्यापूर्वी सांगितलेली तीच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. कुणीही हसलं नाही.