सिव चूची टोपली

पिनांगच्या त्या गल्लीत दुपारी चार वाजले की बूनची शेवयांची हातगाडी यायची आणि वरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली वेताची टोपली खाली यायची. टोपलीत एक रिकामा वाडगा. सिव चूचे गुडघे गेले होते, जिना उतरणं जमत नव्हतं. टोपलीचा काठ तुटका.

"गावभरच्या खुर्च्या विणता. घरची टोपली तेवढी दिसत नाही," ती नवऱ्याला, म्हाताऱ्या तेंग हुआतला, टोमणा मारायची.

"उद्या," तो म्हणायचा. उद्या-उद्या करता एक दिवस तीच गेली.

मग जुनी भाडी गोठवून ठेवणारा कायदा सरकारनं उठवला आणि भाडी आभाळाला भिडली. कायदे उठवणाऱ्यांना घर शोधत फिरावं लागत नाही. शिंपी गेला, न्हावी गेला, उदबत्त्या वळणारी म्हातारी गेली. हुआत अडून बसला होता. शेवटी मुलगी ली पेंग टेम्पो घेऊन आली.

सामान चढलं. एकच काम उरलं, सिव चूला विचारायचं. मेलेल्या माणसाला न विचारता घर सोडलं तर ते मागेच राहतं. हुआतनं तिच्या नावाच्या भांड्यात उदबत्ती खोचली आणि कौलाच्या दोन लाकडी चकत्या जमिनीवर टाकल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार.

दोन्ही पालथ्या.

"पुन्हा टाका, बाबा."

पुन्हा पालथ्या. तिसऱ्यांदाही.

"आई ना... पहिल्यापासून हट्टी," ली पेंग डोळे पुसत म्हणाली. खाली भोंगा वाजला. ती खिडकीकडे वळली, तेवढ्यात हुआतनं पायाच्या अंगठ्यानं एक चकती उलटवली.

"येते म्हणते," तो म्हणाला.

पन्नास वर्षांच्या संसारात त्या 'उद्या'शिवाय दुसरं खोटं तो बोलला नव्हता. तिला ऊन लागू नये म्हणून भांड्यावर काळी छत्री धरून तो निघाला. प्रत्येक वळणावर सांगत होता, "रस्ता ओलांडतोय गं, ये..."

नव्या घरी, चौदाव्या मजल्यावरच्या खोलीत तिची उदबत्ती टिकायची नाही. धुमसायची, विझायची. तीन महिने हुआतनं वेताला हात लावला नाही. तरी अलीकडे सकाळी बोटं ठणकायची, दिवसभर विणल्यासारखी.

शेवटी चकत्या खिशात टाकून तो माफी मागायला गल्लीत आला. दाराला मालकाचं कुलूप, खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. गल्लीत चिटपाखरू नाही. बून मात्र गाडी लावून उभा.

"इथं कुणाला विकतोस रे, गाढवा?"

बूननं वर पाहिलं नाही. "काकींना... रोज चारला टोपली येते, काका. मी भरतो. विचारत काही नाही."

हुआतनं वरच्या फळ्यांकडे पाहिलं.

"आणि गेल्या आठवड्यापासून..." बून हलकेच म्हणाला, "दोन वाडगे येतात."

वर दोरी करकरली. एक फळी सरकली. टोपली हेलकावत खाली आली, हुआतच्या छातीशी थांबली. त्यानं काठावरून बोट फिरवलं. तुटका काठ नवा विणलेला होता. वेत अजून ओला. शेवटची गाठ डावीकडून मारलेली. तशी गाठ साऱ्या पिनांगात एकच माणूस मारायचा, तो स्वतः.

बूननं दोन्ही वाडगे भरले. टोपली वर निघाली.

"सिव चू..." हुआतचा आवाज फाटला. "अगं, मी... मी खाली आहे."

फळी बंद झाली. आतून जेवणाच्या काड्या वाडग्यांवर वाजू लागल्या. दोघांच्या.