गवताचा महिपती

माझं कुणीही खरं मानलं नाही. भटजीनं नाही, माझ्या पोटच्या पोरांनीही नाही. पाटील तर म्हणतो, "मावशी, त्या दिशी धुकं लय होतं." अरे, धुक्यात जन्म गेला माझा! आणि मी जे बघितलं ते घरात, चुलीच्या उजेडात.

माझा धाकटा भाऊ महिपती जर्मनच्या लढाईत खेचरं हाकायला बसऱ्याला गेला. दोन पावसाळे उलटले, खबर नाही. मग तळेगावचा एक शिपाई रजेवर आला आणि कामशेतच्या बाजारात बोलून गेला, की मावळातला एक खेचरवाला तिकडच्या नदीत बुडाला. नाव त्याला ठाऊक नव्हतं. आमच्या चुलतभावाला, कोंडाजीला, तेवढं पुरलं. महिपतीच्या शेताला लागूनच त्याचं शेत होतं.

मढं नसलं की पुतळा जाळतात. दर्भाचं अंग, पळसाची पानं, डोक्याला नारळ. वर महिपतीची जुनी बंडी चढवली.

"आदी सरकारचा कागद येऊ दे," मी म्हणाले.

भावजय शालूबाई तर वाटेत आडवी पडली. "माझा मालक जिता हाय, भावजी! जित्या माणसाला आग लावू नका!"

कोंडाजीनं ऐकलं नाही. तिच्या बांगड्या फोडायला लावल्या. मंत्र म्हणवून त्या गवतात महिपतीला बोलावलं आणि भर श्रावणात इंद्रायणीकाठी आग लावली. वरून पाऊस कोसळला. पुतळा अर्धाच जळला. उरलेला कोंडाजीनं काठीनं नदीत ढकलला.

"झालं. चला घरला," म्हणाला.

पुढं थोड्या दिवसांनी मी भर दुपारी नाचणीचं पीठ घेऊन शालूबाईकडे निघाले. भाजे गावच्या डोंगराखाली, शेतात एकटंच घर तिचं. वाटेवरचा आंबा कपाळाला लागेपर्यंत दिसला नाही, असं धुकं. दारात पोचले आणि आधी वास आला. ओलं गवत जळल्याचा.

शालूबाई भाकरी थापत होती. हातात नव्या हिरव्या बांगड्या.

"वन्सं, हळू बोला. ते आल्यात."

"कोण ते?"

तिनं डोळ्यांनीच कोपरा दाखवला. चुलीपासून लांब, भिंतीकडे तोंड करून कुणीतरी बसलं होतं. अंगात तीच बंडी, एका बाजूनं करपलेली. खाली पाणी ठिबकत होतं... बाहीच्या पुढं मनगट नव्हतं. नुसती पाती. ती हलत होती, सळसळत होती... आणि घरात वारा नव्हता.

मी तिचा दंड धरला. "चल. मुकाट चल माझ्यासंगं..."

"सोडा वन्सं. तुमीच बोलावलंत त्यास्नी, आन् अर्धं जाळून टाकून दिलंत. कुटं जातील ते? काकडत्यात बगा..."

"शाले, ह्यो आपला महिपती न्हाई गं!"

तेव्हा कोपऱ्यातलं ते वळायला लागलं. सावकाश... करवंटी तडकावी तसा आवाज झाला.

मी पळाले.

कोंडाजीला आणि चार माणसांना ओढत आणलं. भाकरी तव्यावर करपत होती, घर रिकामं. अंगणाच्या चिखलातून शालूबाईची पावलं नदीकडे गेली होती. शेजारी खराटा ओढल्यासारखे फरांटे. अर्ध्या वाटेपर्यंत पावलं नीट उमटली होती. मग बोटं पुसट झाली. मग टाचा. काठापर्यंत पोचले ते नुसते फरांटे... दोघांचे.

"गुरानं चारा वढत नेलाय," कोंडाजी म्हणाला, पण आवाज चिरकला त्याचा.

दिवाळीनंतर महिपती मळवलीच्या ठेसनावर उतरला. धडधाकट. बुडाला तो दुसराच कुणी. क्रियाकर्म झालेला माणूस, म्हणून भटजीनं त्याचं नव्यानं बारसं करून त्याला घरात घेतला. बायको कुठं, असं त्यानं विचारलं तेव्हा गावानं सांगितलं, पळाली. मी खरं ते सांगितलं तर माझा भाऊच मला हसला.

पण त्याचं अंगण रोज पहाटे सारवलेलं असतं. घरात बाईमाणूस नाही. मी वाकून बघते. शेणात बोटांचे वळ नसतात, बारीक पात्यांचे असतात. महिपती ते पायानं पुसून टाकतो आणि माझ्याकडे बघत नाही. कोंडाजीच्या ओट्यावर बसून तंबाखू मळतो. जित्या माणसाला आग लावणाऱ्याला कुणी बोट दाखवत नाही. गाव अजून थुंकतं ते एकीच्याच नावानं. शालूबाई.