संगणकाची उत्तरपूजा

पडद्यावर लिहिलं होतं : चार तास चाळीस मिनिटं बाकी. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते आणि मुरबाडची जीप दोनला सुटणार होती. मितालीने वजाबाकी दोनदा केली. दोन्ही वेळा उत्तर वाईटच आलं.

शेजारी रविना पडद्याला डोळे लावून बसली होती. तिची आजी ताराबाई म्हणजे पंचक्रोशीतली धवलारीण, लग्नात धवले गाणारी. उन्हाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. त्यांचे सगळे धवले आता एकाच डिस्कवर उरले होते. ती डिस्क होती ऑपरेशनआधी चित्रीकरणाला आलेल्या साईनाथ सरांच्या कचेरीची. आज ती दोनच्या जीपने सरांबरोबर परत जाणार होती आणि उद्या पुसून दुसऱ्या कामाला लागणार होती. त्याआधी वाचनालयातल्या तळहाताएवढ्या संगणकावर गाणी उतरवून घ्यायची, एवढंच काम. संगणक मात्र गाणी बैलगाडीतून आणत होता.

साईनाथ सर म्हणाले की दोननंतर त्यांच्या हातात काही नाही, आणि जेवायला गेले. वाचनालय सांभाळणाऱ्या सुनिलकाकांच्या मते यंत्र दमलं होतं. ते त्याला वर्तमानपत्राने वारा घालत होते.

दोघींबरोबर आलेल्या कान्हाने वायर बदलून पाहिली. फरक शून्य. मितालीने कमांड देऊन जोडणीचा वेग विचारला. उत्तर आलं ४८०. निळ्या पोर्टला ५००० यायला हवं होतं. दुसऱ्या निळ्या पोर्टलाही ४८०च.

"वायर नाय, डिस्क नाय. पोर्टातच कायतरी हाय," ती म्हणाली.

कान्हाने टॉर्च मारला. आत सगळं लाल-पिवळं होतं आणि तळाशी एक अक्षता आरामात बसली होती.

तिघांनी हळूहळू सुनिलकाकांकडे पाहिलं.

काकांनी अभिमानाने सांगितलं की खंडेनवमीला गावातली सगळी यंत्रं त्यांनीच पुजली. याला तोंडं चार, म्हणून चारही तोंडांत हळदकुंकू, तेही तुपात कालवून.

पोर्टाच्या आत पाच जादा पट्ट्या असतात, वेग त्यांच्यामुळे येतो. त्याच तुपाखाली गेल्यात, मितालीने समजावलं. यंत्र बंद करून पुसावं लागेल. काका आडवेच आले. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही आणि वाहिलेलं कुंकू तर मुळीच पुसायचं नाही.

रविनाचे डोळे भरले. "काका, आजीचा आवाज पुसतील ओ उद्या."

काका तरीही जागचे हलले नाहीत. तेव्हा कान्हाने अगदी साध्या चेहऱ्याने विचारलं, "उत्तरपूजा केली का तुमी?"

काकांचा चेहरा उतरला.

"मंग देव आजून आतच बसलाय. यंत्र धावंल कसं?"

पुढचं सगळं काकांनी स्वतः केलं. यंत्र बंद केलं, आरोग्य उपकेंद्रातल्या भिमीताईंकडून स्पिरिट आणलं आणि मंत्र पुटपुटत कोऱ्या टूथब्रशने चारही तोंडं घासली. कान्हा शेजारी भटजीसारखा बसून मागचा कोपरा राहिल्याचं सांगत होता.

सगळं वाळल्यावर बरोबर एक वाजता यंत्र सुरू झालं. ५०००! बाकी वेळ : एक तास चार मिनिटं.

म्हणजे चार मिनिटं कमी.

दोनला जीपचा हॉर्न वाजला. साईनाथ सर डिस्ककडे हात नेऊ लागले, रविना मध्ये उभी राहिली. काका धोतर सावरत बाहेर धावले. त्यांनी जीपच्या ड्रायव्हरला फक्त एकच विचारलं, खंडेनवमीनंतर गाडीची उत्तरपूजा केली होती का. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला.

दोन वाजून चार मिनिटांनी पडद्यावर आलं : पूर्ण.

संध्याकाळी वाचनालयात गाव जमलं. पहिला धवला लागला. ताराबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला. गाणं थांबलं. त्यांनी मान हलवली. ओळ चुकली होती, त्यांची स्वतःचीच. मग त्यांनी रविनाकडे बोट केलं.

रविनाने घाबरत ती ओळ बरोबर म्हटली.

ताराबाईंनी तिघांच्या गालांवरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर दहाही बोटं कडाकडा मोडली. उन्हाळ्यापासून एवढा मोठा आवाज त्यांनी केला नव्हता.