चाकावरचा हात

कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच, अशी म्हण आहे. मी तर कुंभाराची लेक... रोजच जायचे. मडकी भाजायचा आवा पेटवायला वाळलेलं शेण-पाचट आणायचं तर दुसरीकडे कुठे जाणार? त्या बाजाराच्या दिवशी पाटी भरून उठले, तर समोर एक उंच गडी. मागे दोन गाढवं, अंगावर विटांची लाल धूळ, आणि हसू इतकं मोकळं की माझ्या हातातली पाटी निसटायचीच बाकी होती.

"बाई, कुंभार पिंपळगावात वाडगं करायला कोन शिकवंल?"

"कुंभार असून चाक येत न्हाई तुमाला?"

"आमी राजूरकडचे. घरी निस्त्या विटा थापतो. निजामाच्या चावड्या आमच्या विटांवर उभ्या हैत! पन चाक... बिलकुल न्हाई."

"मंग आताच काय नडलं?"

"लगीन," तो म्हणाला. "हितल्या पुंजाराम कुंभारानं अट घातलीय. त्याच्या चाकावर वाडगं उचलंल त्यालाच लेक देनार. पोरगी लई तोंडाळ हाय म्हनतात."

पुंजाराम म्हणजे माझे आबा. आणि ती तोंडाळ पोरगी... मीच की, द्वारका!

"मी... शेजारीन तिची," मी ठोकून दिलं. "दुपारी सोनूआत्याच्या अंगणात या. मी शिकवीन."

हे मी बोलले? तोंडाला कुलूप नसलं की असं होतं.

सोनूआत्या आबांची बहीण. तिच्या नवऱ्यामागे त्याचं चाक लिंबाखाली तसंच पडून होतं. आत्या दारात वाती वळत बसायची, एक कान आमच्याकडे ठेवून. त्या गड्याचं नाव कचरू. मी माती मळून द्यायचे, तो काठीनं चाक फिरवायचा, आणि मी लांब उभी राहून शिकवायचे. लांबच. कारण आमच्या घराण्यात बाई माती मळते, मडकी थापटते, पण चाकाला हात लावत नाही. लावते तो एकदाच, हळदीच्या दिवशी. नवरा चाकावर बसतो, नवरी त्याच्या हातांवर आपले हात ठेवते, आणि दोघांचं मिळून जे वाडगं उभं राहतं ते देवघरात जातं. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

"अंगठा मधी दाबा... जल्दी नका करू!"

"किती दाबू?"

"भाकरी थापता तेवढं."

"भाकरी कुठं येती मला?"

"मंग येतं तरी काय?"

"बघायला येतं," तो म्हणाला, आणि चाकाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं. गोळा भसकन खाली बसला. दारात आत्या खोकली.

त्याच्या गालावर चिखल उडायचा. पुसावासा वाटायचा... मी हात पाठीमागे धरून उभी राहायचे. कधी तो विचारायचा, "ती तुझी शेजारीन कशी हाय गं?"

"हट्टी हाय. भांडखोर हाय."

"चालंल मला."

मला इतका राग यायचा त्या द्वारकेचा! स्वतःचाच हेवा करणारी पोरगी कुणी पाहिलीय का? पण मी जीव लावून बसले होते, हे खरं. आबांनी सांगून ठेवलं होतं, वाडगं पडलं तर मंठ्याचं स्थळ पक्कं. मंठ्याचा तो गडी मी पाहिलासुद्धा नव्हता.

परीक्षेच्या आदल्या दुपारी कचरूनं असं वाडगं उचललं, की मी श्वास घ्यायला विसरले. पातळ कड, सरळ भिंत. आत्यानंही वाती खाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात भावकी जमली. मी उंबऱ्यात उभी. आता त्याला कळणार, शेजारीण कोण ते... तो आला, माझ्याकडे बघितलं, आणि त्याला नवल म्हणून वाटलं नाही! उलट हसला.

चाक फिरलं. गोळा मधोमध बसला, अंगठा आत गेला, वाडगं वर येऊ लागलं. आणि मग कड थरथरली. एका अंगाला झुकली...

पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी चाकापाशी गुडघ्यांवर होते आणि माझे दोन्ही हात त्याच्या ओल्या हातांवर होते. कड सावरली, वाडगं उभं राहिलं. चाक हळूहळू थांबलं.

आत्याच्या तोंडावर पदर. मी माझ्याच हातांकडे बघत होते. चिखलानं भरलेले... हे काय करून बसले मी? सगळ्या भावकीसमोर!

आबा उठले. आता वाडगं मोडतात, असंच वाटलं. त्यांनी दोरा घेतला, वाडगं बुडापासून हलकेच कापलं आणि दोन्ही तळहातांवर धरून देवघराकडे नेलं. जाता जाता म्हणाले, "आता हात लावायचं काय राह्यलंय? हळद तेवढी वाटा."

बायका हसत सुटल्या. मी रांजणाशी जाऊन हात धुवायला लागले, तर तो शेजारी.

"मी कोन ते कधी कळलं तुमाला?"

"उकिरड्यावरच. राजूरच्या गणपतीला, चतुर्थीला, नारळवाल्याशी भांडून राह्यल्ती तू. तवाच नाव-गाव इचारून ठरवलं व्हतं मी."

मी आ वासून बघतच राहिले.

"आन् काल एवढं झ्याक उचललं, मंग आज कड कशी हलली?"

तो नखातली माती काढत राहिला.

"हलली न्हाई... मीच हलवली. बाप देतो म्हून येशील, का मनानं येशील... ते वाडग्यानं कळलं नसतं."

"आन् मी आलेच नसते तर?"

"मंग जलमभर विटा थापल्या असत्या," तो म्हणाला. या खेपेला तो हसला नाही. मी पुढे झाले आणि त्याच्या गालावरचा चिखल पदरानं पुसून टाकला... भर अंगणात, भावकीसमोर.