धाकट्या जुव्याची गावपळण

चौदा कुर्ले, म्हणजे खेकडे, दोन बादल्यांत मावेनात, तेव्हा दर्शनाकाकीनं सरळ भाताचं मोठं पातेलं आणलं आणि त्यात समुद्राचं पाणी ओतलं. गावपळणीची घाई होती. मालवणसमोरच्या धाकट्या जुव्यावर चाळीस घरं. दर तीन वर्षांनी देवाचा कौल झाला की तीन दिवस अख्खं बेट रिकामं करायचं. चुली विझवायच्या, कुत्री, कोंबड्या, म्हशी होडीत घालायच्या आणि पलीकडच्या किनाऱ्यावर झावळ्यांच्या झोपड्या बांधून राहायचं. पाळलेला एकही जीव मागे ठेवायचा नाही.

"काकी, अहो ते कुर्ले कशाला काढताय?" निनाद गुडघाभर पाण्यातून धावतच आला. पुण्याचा हा शास्त्रज्ञ दोन वर्षं बेटावर राहत होता. "ते जनावर नाही, यंत्र आहे!"

"मेल्या, माका शिकवतंस? रोज सकाळी हेंका माशाची टकली कोण घालता? मीच मा?"

कुर्ले निनादनंच घडवलेले. वरून कवच, आत प्रयोगशाळेत वाढवलेले खरे स्नायू. बॅटरी नको, पण खायला रोज हवं. पाण्याखालच्या प्रवाळावर चढलेलं शेवाळ खरवडायचं आणि तुटलेला तुकडा जागेवर चिकटवायचा, हे त्यांचं काम.

"काकी, आपला आकडा बावन्न आहे," निनाद रडकुंडीला आला. "चार दिवसांत साठ झाला नाही तर रिसॉर्ट दोन वर्षं बंद. आणि तुम्ही कामगारच उचलून नेताय?"

आकड्याचं तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. समुद्राच्या तळाशी सरकारनं एक यंत्र बसवलेलं, त्याला सगळे 'कान' म्हणत. प्रवाळ धडधाकट असलं की तिथले झिंगे, मासे मिळून असा आवाज करतात, जशी कढईत मोहरी तडतडावी. तो आवाज कान मोजायचा. महिनाअखेर आकडा साठाच्या खाली गेला, की पाहुण्यांना बंदी. बारा खोल्यांचं ते रिसॉर्ट बेटावरच्या बायकांनी स्वतः उभं केलेलं. त्यातली पहिली वीट काकीनं डोक्यावरून वाहिली होती.

पण ती म्हणाली, "जीव असा तो भायर. उचल ता पातेला."

निनादनं निमूट एक कान धरला. पातेल्याचा.

मग काय विचारता! किनाऱ्यावर जत्रा भरली. पाहुणेही सोबत आले होते. इचलकरंजीचे चौगुले मास्तर एरवी एसी नसला तर डोळा मिटत नसत, ते झावळीखाली असे घोरले की म्हशी बिचकल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माडावर चढायचा हट्ट धरला आणि चार हात वर जाऊन तिथेच अडकले.

"मास्तरांनू, शहाळा काढूक गेलास काय रवाक गेलास?" काकी खालून ओरडली. फुगड्या घालणाऱ्या बायका हसून हसून वाळूत बसल्या. निनाद तेवढा हसत नव्हता. दर तासाला मोबाईलवर कानाचा आकडा बघायचा आणि पातेल्यातल्या कुर्ल्यांना माशांची डोकी टाकायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो किंचाळला. काकीला वाटलं, विंचू चावला.

"त्रेसष्ट! काकी, त्रेसष्ट!"

त्यानं मोबाईलवर तळातला आवाज मोठ्यानं लावला. तडतड, तडतड! जणू शंभर कढयांत एकदम फोडणी पडली होती. काकीनं कान जवळ नेला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रिसॉर्ट वाचलं. बायकांनी निनादला उचलून पाण्यात फेकलं, वर चौगुले मास्तरांनाही फेकलं, उगाच.

निथळत तो बाहेर आला. "कळलं मला! कुर्ले सगळं शेवाळ फस्त करत होते. शेवाळ खाणाऱ्या माशांना ताटात काही उरतच नव्हतं. मासे गेले, आवाज गेला. तीन दिवस कुर्ले नाहीत, मासे परत आले. चूक माझीच. हे कुर्ले आता पुण्याला परत जाणार."

काकी नारळ खवत होती. तिचा हात थांबला.

"थांब रे जरा. तीन दिवस थंय कुर्ले नव्हते, ता खरा. पण आमी तरी खंय होतंव?"

निनाद बोटांवर मोजू लागला. होड्यांची इंजिनं, पंप, रात्रभर जळणारे दिवे, साबणाचं पाणी, पोहणाऱ्यांचे पाय. यातलं काहीच तीन दिवस तिथे नव्हतं.

"मग आकडो वाढलो तो कोण नव्हता म्हणान?"

"ते... ते तपासल्याशिवाय नाही सांगता येणार." निनाद डोकं खाजवत खाली बसला. "कुर्ले आणि माणसं, दोघांनी एकदम परत जाऊन नाही चालणार, काकी. एकानं जायचं, दुसऱ्यानं इथे थांबायचं. मग कान काय म्हणतो ते ऐकायचं."

फुगड्या थांबल्या. सगळे पलीकडे बघू लागले. धाकटा जुवा उन्हात हिरवागार झोपला होता. घरं तिकडे, खोल्या तिकडे. काकीनं हातातली वाटी वाळूत ठेवली. पातेल्यात कुर्ले खुडबुडत होते.

"बरा तर," ती म्हणाली, "मग सांग बाबा. आधी कोणी जाऊचा? तेंनी, काय आमी?"