घनसाळातला खडा

विटी लागली डाव्या डोळ्याला आणि दिसेनासं व्हायला लागलं उजव्या डोळ्याला. आहे की नाही कोडं? मी हे कुणालाही घातलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे नीट बघतात आणि गप्प होतात. तुम्ही गप्प होऊ नका. उत्तर ऐका.

मी इरावती देसाई, राहणार आजरा. घरात आई, माझे आजोबा म्हणजे आबा, मोत्या कुत्रा आणि गणपा नावाचा यंत्रमानव. आबा शास्त्रज्ञ. रोगप्रतिकारशक्ती (रोगजंतूंशी लढणारी शरीरातली फौज) हा त्यांचा विषय. त्यात त्यांनी उभा जन्म घातला. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा घोळ अशा माणसाच्या घरात झाला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत विटी-दांडूच्या सामन्यात विटीचं टोक माझ्या डाव्या डोळ्यात घुसलं. कोल्हापूरच्या डॉक्टर शबनम मुजावर यांनी डोळा शिवला, पण त्याची नजर गेली ती गेलीच. निघताना त्या म्हणाल्या, "दुसरा शाबूत आहे, त्याला जीवापाड जप. काही वेगळं वाटलं तर लगेच या." आम्ही माना डोलावल्या आणि घरी आलो.

शाळा सुरू झाली आणि गावात डोळ्यांची साथ आली. निम्मा वर्ग काळे चष्मे लावून बसायचा. अशातच एका सकाळी माझा उजवा डोळा लाल झाला.

"झालं! हिचेही डोळे आले," आई म्हणाली.

डोळे आले की आमच्याकडे आबांचा कायदा चालतो. काळा चष्मा लावायचा, पडदे ओढून खोलीत बसायचं, वाचायचं नाही, काही बघायचं नाही.

"डॉक्टरांना कळवू का?" गणपाने विचारलं.

"डोळे आले म्हणून कुणी डॉक्टरांना कळवतं का रे?" आबा खेकसले. "मी काय इथे माशा मारायला बसलोय? या विषयावर तू तोंड उघडायचं नाहीस!"

गणपाने तोंड मिटलं. तो बिचारा सांगितलेलं ऐकणारा.

आता घात कसा झाला बघा. उजेडाने माझा डोळा ठणकत होता, पण मी काळ्या चष्म्यात आणि अंधारात, त्यामुळे ते कुणाला कळलं नाही. जवळचं धूसर दिसत होतं, पण वाचायलाच बंदी, मग मला तरी कसं कळणार? शिवाय डोळे आले की घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात. माझ्या एकदाही चिकटल्या नाहीत. पण ते मला कुणी विचारलं नाही. मला अजून वाटतं, एवढं एकच कुणी विचारलं असतं तर!

बसून बसून मी रडकुंडीला आले, तेव्हा आईने आबांचा कायदा मोडून पडदा जरासा सारला आणि तांदळाचं ताट पुढे सरकवलं. "घे, निवड. तेवढाच वेळ जाईल." तांदूळ आमच्याच शेतातला घनसाळ. यंत्राने साफ केला की त्याचा वास उडतो, असं आबांचं ठाम मत, म्हणून आमच्याकडे अजून हाताने निवडतात. आणि निवडण्यात माझा हात धरणारं घरात कुणी नाही. गणपासुद्धा नाही.

दुपारी जेवताना आबांच्या दाताखाली कचकन खडा आला. त्यांनी तोंड वाकडं केलं. पुढच्याच घासाला दुसरा.

"इरू, लक्ष कुठे होतं गं तुझं?"

"ताटातच होतं!" मी चिडले. "नव्हते त्यात खडे. मला एकही दिसला नाही."

आबांचा घास हातातच राहिला.

"चष्मा काढ," ते म्हणाले. "सकाळी पापण्या चिकटतात?"

"नाही."

"उजेड टोचतो?"

"खूप. आणि काळे ठिपके तरंगतात. डोळे आल्यावर तसंच होतं ना?"

"नाही गं बाळा, तसं नाही होत." आबा उष्ट्या हातानेच उठले. "अरे देवा, मी काय करून बसलो हे! गणपा, गाडी काढ!"

डॉक्टर मुजावरांनी यंत्रातून डोळ्यात खोलवर पाहिलं आणि लांबलचक नाव सांगितलं: सहानुभूतिजन्य नेत्रदाह (एका डोळ्याला आरपार जखम झाल्यावर दोन्ही डोळ्यांच्या आत येणारी सूज). फार क्वचित होणारा आजार. त्यांनीही आतापर्यंत एकदाच पाहिलेला.

"आबासाहेब, थोडं आधी आणायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या. आबांनी नुसती मान खाली घातली. एरवी आबांना गप्प करायची कुणाची छाती नाही.

त्याच संध्याकाळी शिरेतून स्टिरॉइड (सूज झपाट्याने उतरवणारं औषध) सुरू झालं. माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं आणि भूक अशी लागायची की काही विचारू नका. आबा खाटेशेजारी बसून असत. मी त्यांना माझं कोडं घातलं.

"मोत्या पुण्याच्या काकूवर का भुंकतो?" त्यांनी उलट मलाच विचारलं.

"कारण त्याने तिला फारसं पाहिलेलं नसतं."

"पण ती घरचीच ना? आपल्या पांढऱ्या पेशी (रक्तातले राखणदार) अशाच. आपलं कोण, परकं कोण, हे त्या लहानपणीच शिकतात. पण डोळ्याच्या आतला भाग असा बंदोबस्तात असतो की तिथल्या कितीतरी प्रथिनांशी (ज्यांपासून शरीर बनतं त्या पदार्थांशी) त्यांची कधी नीट ओळखच होत नाही. विटीने भिंत फोडली, आतलं बाहेर आलं, आणि राखणदारांना वाटलं, चोर! मग तोच वास धरून ते दुसऱ्या घरात शिरले."

"म्हणजे माझ्याच फौजेने माझा डोळा फोडायला घेतला?"

"हो. आणि मी दाराशी बसून होतो. सगळं आयुष्य हेच शिकवलं मी, इरू, आणि घरात ओळखलं नाही." त्यांचे डोळे भरून आले. मला त्यांचा रागही आला होता आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटत होती. मी मिठी मारली.

सूज उतरल्यावर नवा उपचार झाला. माझ्याच रक्तातल्या काही पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांना शिकवलं की डोळा आपलाच आहे, आणि परत माझ्या अंगात सोडलं. त्यांना शांतिपेशी म्हणतात. त्या बाकीच्या राखणदारांची समजूत काढतात. मात्र अधूनमधून एखादा राखणदार पुन्हा बिथरू शकतो, त्यामुळे तपासणी वर्षानुवर्षं करावी लागणार, असं डॉक्टरांनी बजावलं.

उजवा डोळा वाचला, पण पुरता नाही. एका कोपऱ्यात धुकं राहिलं, ते आता जायचं नाही. घरी आल्यावर आबांनी आधी गणपाला समोर उभं केलं. "यापुढे मी गप्प म्हटलं तरी तू बोलायचंस."

दिवाळीच्या सुमारास मी हट्टाने पुन्हा तांदूळ निवडायला बसले. जेवताना आई, गणपा आणि मी, सगळे आबांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. आणि मला बारीकसा कचकन आवाज ऐकू आला.

आबांनी घास तसाच गिळला. "वा! एकही खडा नाही," ते हसून म्हणाले.

"आबा, खडा लागला ना?"

"छे गं. इवलासा होता, त्याचं काय एवढं?"

"माझ्या मनाला लागेल म्हणून तुम्ही गिळलात." माझा आवाज चढला. "पण त्या दिवशीही तुम्ही खडे असेच गिळले असते, तर आज मला तुम्ही तरी दिसला असतात का?"

 आबांनी भात चिवडला, आणखी एक खडा शोधून काढला आणि माझ्या ताटाच्या कडेला ठेवला. मग पाण्याचा घोट घेतला.

"गणपा, डॉक्टरांना फोन लाव," ते म्हणाले. "सांग, इरूला खडा दिसला नाही. आम्ही जेवण टाकून निघालोय."