भिंतीआडचे भाडेकरू

सांगलीच्या त्या मधुमेह प्रयोगशाळेत दर आठवड्याला पेढ्यांचा एखादा तरी पुडा यायचाच. बरा झालेला रुग्ण बाप झाला की आधी इथं पेढे धाडायचा, आणि प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. विश्राम केळुसकर हौसेनं पहिला पेढा उचलायचे. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. त्यांच्या वृषणांत शुक्राणू तयार होत होते, पण ते बाहेर नेणाऱ्या शुक्रवाहिन्याच जन्मतः नव्हत्या. कारखाना चालू आहे, रस्ता तेवढा नाही, असं ते बायकोला हसत सांगायचे. ती हसायची नाही.

त्या मंगळवारी मात्र पेढ्यांऐवजी भांडण आलं. मिहीर शेंडगे हा त्यांचा जुना रुग्ण, आता इन्सुलिनच्या सुईतून कायमचा सुटलेला. त्याचा रक्तगट ओ, बायको गार्गीचाही ओ, आणि तान्ह्या मुलीचा मात्र ए. डीएनए तपासणीनंही मूल त्याचं नाही असंच सांगितलं होतं. घरी सासूनं गार्गीशी बोलणं टाकलं, मिहीरनं तिला माहेरची वाट दाखवली. माहेरी जाण्याआधी गार्गीच मुलीला कडेवर घेऊन त्याला इथं घेऊन आली होती.

"यांच्या अंगात तुम्ही काहीतरी ठेवलंय," ती म्हणाली. "आधी ते तपासा. मग मला काय नावं ठेवायची ती ठेवा."

पेशीतज्ज्ञ डॉ. शाहीन मुजावर यांनी मिहीरकडून वीर्याचा नमुना मागून घेतला. प्रयोगशाळेच्या इतिहासातला हा पहिलाच. उपचाराच्या मूळ आराखड्यात ही तपासणी होती, पण रुग्ण नाव काढताच कानकोंडे होत आणि डॉक्टर मंडळीही वृषणाला 'ती जागा' म्हणत. शेवटी केळुसकरांनीच ती वगळली होती. साखर उतरली ना, मग कशाला कुणाला लाजवायचं?

निष्कर्ष आला तेव्हा शाहीनबाईंचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी चौघांपुरतं दार लावून घेतलं. सगळं पहिल्यापासून सांगा, असं गार्गीनं बजावलं, तेव्हा केळुसकरांनी सुरुवात केली. आपलं कोण आणि परकं कोण हे शरीराची रक्षकफौज लहानपणीच शिकते. शुक्राणू तयार होऊ लागतात ते वयात आल्यावर, त्यामुळे फौजेला ते परकेच वाटतात. ती तुटून पडू नये म्हणून वृषणात एक भिंत असते. भिंतीतल्या आधारपेशी फौजेला बाहेर अडवतात आणि आत शुक्राणूंना लहानाचे मोठे करतात. त्या भिंतीआडच दात्याच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी ठेवल्या होत्या. तिथं रक्तगटसुद्धा कुणी विचारत नाही.

"आपण त्यांना भाडेकरू समजत होतो, सर," शाहीनबाई म्हणाल्या. "त्या पेशी आपण दात्याच्या त्वचेपासून बनवल्या. आधी त्वचेच्या मूळपेशी केल्या, मग मूळपेशींच्या इन्सुलिनपेशी. त्यातल्या काही कोवळ्याच, म्हणजे काहीही होऊ शकणाऱ्या मूळपेशीच राहिल्या असणार. आणि कोवळ्या पेशीचा शुक्राणू करायचा, हेच तर आधारपेशींचं काम. यांच्या वीर्यात दोन माणसांचे शुक्राणू आहेत."

मिहीर दचकून स्वतःकडेच पाहत राहिला. मग त्यानं गार्गीचा हात धरू पाहिला. तिनं मुलीला त्या बाजूच्या खांद्यावर घेतलं.

"हे असंच माझ्या सासूबाईंसमोर सांगायचं," ती केळुसकरांना म्हणाली. "ती जागा वगैरे नाही. नीट नाव घेऊन."

केळुसकरांनी मान हलवली. त्यांना पुढचा प्रश्न दिसत होता.

"दुसरा माणूस कोण?" मिहीरनं विचारलं.

पेशी कुठं ठेवणार हे कळल्यावर दाता व्हायला एकही माणूस तयार झाला नव्हता. म्हणून केळुसकरांनी स्वतःच्या दंडाची चिमूटभर त्वचा दिली होती.

"मी," ते म्हणाले.

मुलगी त्यांच्याकडे टकामका बघत होती. आधी त्यांना आनंद झाला, अगदी डोळे भरून यावेत इतका. मग त्या आनंदाचीच लाज वाटली. आणि मग शाहीनबाई हळूच म्हणाल्या, "सर, सगळ्यांना तुमच्याच पेशी दिल्यात."

केळुसकरांनी फडताळाकडे पाहिलं. पेढ्यांचे रिकामे पुडे नीट रचून ठेवलेले होते. आठवण म्हणून त्यांनी एकही टाकू दिला नव्हता.

दारावर टकटक झाली. तासगावचे दोन रुग्ण हसत आत शिरले. वॉर्डात दोघांच्या खाटा शेजारी होत्या, तिथलीच त्यांची दोस्ती. दोघांच्या हातांत मिळून एकच मोठा पुडा होता.

"याला मुलगा, मला मुलगी, एकाच आठवड्यात," त्यांतला एकजण म्हणाला. "आम्ही आत्ताच व्याही झालो, डॉक्टर. पहिला पेढा तुमचा."

कुणीच हसलं नाही. केळुसकर उठले, त्यांनी रुग्णांच्या हातातून पुडा घेऊन टेबलावर ठेवला आणि दोघांना दार लावून बसायला सांगितलं.